पाणीपातळीचं यंत्र, बुडालेला भाऊ आणि फॉर्ममधला एकच रकाना

पत्र

मी एक कथा पूर्ण केली आहे, साधारण 6,800 शब्दांची. नायिका नदीकाठच्या पाणीपातळी केंद्रावर रोजच्या नोंदी ठेवते. सुरुवातीला दोन पानं तिच्या बालपणाची आहेत. मग नवं बसवलेलं यंत्र चुकीचे आकडे दाखवायला लागतं. केबल, बॅटरी, सेन्सर, सगळं बदलून होतं. चार पानं याच तपासणीत जातात. शेवटी काठावरच्या मोजपट्टीचे आकडे शेजारी मांडल्यावर तिच्या लक्षात येतं, की यंत्र आजची नाही, बरोबर अकरा दिवसांनंतरची पातळी दाखवतंय. असं का होतं ते मी कुठेच सांगितलेलं नाही. आजी म्हणते, नदी बोलतेय. लहानपणी बुडालेला भाऊ दोनदा रात्री पायऱ्यांवर बसलेला दिसतो, बोलत काही नाही. पुराच्या आदल्या दिवशी केबल तुटते, यंत्र बंद पडतं, आणि भाऊ तिला एक आकडा सांगतो. त्या भरवशावर ती खालची वस्ती रिकामी करायला लावते. आकडा खरा ठरतो.

तिघांना वाचायला दिली. एक म्हणाला विज्ञानकथा, दुसरी म्हणाली भयकथा, तिसरा म्हणाला जादुई वास्तववाद. मला ती आधी एका स्पर्धेला पाठवायची आहे (मर्यादा 7,000 शब्द, पर्याय विज्ञानकथा, फँटसी, भयकथा, इतर) आणि नंतर एका वाचन-ॲपवर टाकायची आहे, तिथे एक मुख्य प्रकार आणि टॅग देता येतात. सध्या मी ‘विज्ञान-गूढ-भय-कौटुंबिक कथा’ असं लिहून ठेवलंय. त्यापेक्षा सरळ ‘स्पेक्युलेटिव्ह फिक्शन’ (विज्ञानकथा, फँटसी वगैरेंचं एकत्रित नाव) लिहिलं तर ती पळवाट होईल का? आणि ‘फँटसी’ लिहिलं तर भाऊ खरा आहे हे आधीच फुटणार नाही का?

— रकान्यात अडकलेली

उत्तर

तुमच्या तिन्ही मित्रांनी कथेतलं सामान बघून उत्तर दिलंय. सेन्सर दिसला म्हणून विज्ञान, मेलेला भाऊ दिसला म्हणून भय, आजी आणि नदी एका वाक्यात आल्या म्हणून जादुई वास्तववाद. सामानावरून प्रकार ओळखायची सवय बहुतेकांना असते आणि ती खपूनही जाते, कारण अंतराळयान असलेली कथा बहुधा विज्ञानकथाच निघते. तुमच्याकडे तीन प्रकारांचं सामान आहे, त्यामुळे ही पद्धत इथे चालत नाही.

प्रकार ठरतो तो कथेचा शेवटचा पेच कशाच्या जोरावर सुटतो त्यावरून. कोणता नियम कामी आला, आणि तो वाचकाच्या हाती आधीपासून होता का? म्हणून रकाना थोडा बाजूला ठेवू आणि आधी तुमचा शेवट उघडून बघू. तिथे एक भोक आहे. लेबलचा सगळा गोंधळ त्या भोकातूनच आलाय.

समजा पूर 20 तारखेला येतो. यंत्र अकरा दिवस पुढचं दाखवतं, म्हणजे 20 ची पातळी त्याने 9 तारखेलाच दाखवली. नायिका रोज नोंद ठेवते, तेव्हा तो आकडा 9 तारखेच्या ओळीत तिच्याच अक्षरात लिहिलेला आहे. केबल तुटते 19 ला. तोवर यंत्राने 30 तारखेपर्यंतचं सगळं सांगून टाकलंय. मग भावाने सांगितलेला आकडा तिला हवाच कशाला? तो तर दहा दिवस रजिस्टरात पडून आहे.

तुमच्या वाचकांच्या हे लक्षात आलं नाही, कारण तिथवर पोचेपर्यंत भावनेचा जोर चांगलाच वाढलेला असणार. स्पर्धेचा परीक्षक, त्यातही ‘विज्ञानकथा’ असा शिक्का बघून वाचायला बसलेला, बोटांवर मोजणारच. फँटसीचा वाचकही मोजू शकतो, पण लेबल वाचून त्याने मोजण्याची तयारी केलेली नसते. लेबलने असा फरक पडतो: तीच चूक एका नावाखाली जीवघेणी ठरते आणि दुसऱ्या नावाखाली निभावून जाते.

भोक बुजवायचे दोन सरळ रस्ते आहेत.

पहिला. केबल 19 लाच तुटू द्या. सगळे हबकतात, अधिकारी म्हणतो यंत्रच बंद, आता वस्ती कशाच्या आधारावर हलवायची? नायिका रजिस्टर मागे चाळते. 9 तारखेच्या ओळीतला आकडा तिने स्वतःच गोल करून शेजारी ‘चूक?’ असं लिहून ठेवलेलं असतं, कारण तेव्हा इतकी पातळी तिला अशक्य वाटली होती. अकरा दिवसांचा फरक तिला त्यानंतर उमगला, आणि त्या गोल केलेल्या आकड्याकडे परत बघायचं राहून गेलं. आता ती बघते. मागच्या पन्नासेक ओळींचे जुळणारे आकडे अधिकाऱ्यासमोर ठेवते. भाऊ या प्रसंगात शेजारी बसलेला असू शकतो, हवं तर त्याचं बोट त्या पानावर टेकलेलं असू शकतं. पण वस्ती वाचते ती नोंदींमुळे. ही विज्ञानकथा झाली, भाऊ असूनही.

(यासाठी एक बदल लागेल: अकरा दिवसांचा शोध 9 तारखेनंतर लागायला हवा. तुमच्या हस्तलिखितात तो कधी लागतो ते तपासा.)

दुसरा. केबल खूप आधी तुटू द्या. 20 चा पूर अंधारात ठेवायचा असेल तर 9 तारखेची नोंद होण्याआधीच यंत्र बंद पडायला हवं. समजा शेवटची नोंद 6 ची आहे. म्हणजे 17 पर्यंतचं माहीत आहे, आकडे चढते आहेत, आणि 18, 19, 20 हे तीन दिवस कोरे. इथे भावाचा आकडा खरोखर लागतो, कारण दुसरं काहीच उरलेलं नाही. ही फँटसी झाली, सेन्सर असूनही. पण मग भावाला आधीच्या दोन भेटींत मुका ठेवून चालणार नाही. पहिल्या भेटीत त्याने एक आकडा सांगावा, तिने तो झटकून टाकावा, आणि अकरा दिवसांनी मोजपट्टीवर तोच दिसावा. दुसऱ्या भेटीत पुन्हा तसंच व्हावं. तिसऱ्या वेळी ती त्याच्या शब्दावर वस्ती हलवते तेव्हा वाचकाला तो नियम ठाऊक असतो. फँटसीत काहीही चालतं हा गैरसमज आहे. तिथे नियम वेगळा असतो, पण तो आधी मांडावा लागतो. आत्ता तुमचा भाऊ शेवटून दुसऱ्या पानावर प्रथमच तोंड उघडतो आणि थेट सुटका करतो. हे कुठल्याही लेबलखाली टोचेल.

तिसरा रस्ताही आहे, जरा अवघड. 9 तारखेचं पान भिजलंय, आकड्यातला मधला अंक फुटलाय. भाऊ एक अंक सांगतो. तो तिने पुसट शाईतून वाचला की भावाकडून ऐकला, हे वाचकाला शेवटपर्यंत ठरवता येत नाही. नैसर्गिक की अतिनैसर्गिक या दोलायमान अवस्थेलाच त्झ्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने 1970 साली अद्भुताच्या व्याख्येच्या मध्यभागी ठेवलं होतं. आपल्याकडे अशा कथेला ‘गूढकथा’ म्हटलेलं वाचकाला सहज पटतं. यात दोन्ही स्पष्टीकरणं शेवटपर्यंत सारख्याच ताकदीची ठेवावी लागतात. एक जरी ढिलं पडलं तरी दोलायमानता संपते आणि वाचक म्हणतो, लेखिकेलाच ठरवता आलं नाही. शिवाय तुमच्या स्पर्धेच्या यादीत गूढकथा नाही.

माझं मत पहिल्या रस्त्याच्या बाजूने आहे. चार पानं तपासणीला देणारी लेखिका मनातून विज्ञानकथाच लिहीत असते. ‘का ते सांगितलेलं नाही’ म्हणून तुम्ही बिचकताय, पण त्याने काही अडत नाही. विज्ञानकथेत एक अशक्य गोष्ट उधार मिळते. कालप्रवास आणि प्रकाशापेक्षा वेगवान यानं अशीच उधारीवर चालत आलीत. डार्को सुविन या अभ्यासकाने 1979 च्या पुस्तकात अशा एका नव्या गोष्टीला ‘नोव्हम’ म्हटलं: ती कथेच्या केंद्रात असते आणि तिचे परिणाम तर्काने पुढे नेले जातात. कारण सांगणं सक्तीचं नाही, परिणाम नेणं सक्तीचं आहे. उधारीच्या अटी मात्र कडक असतात.

अंतर पक्कं हवं. एका प्रसंगात अकरा दिवस आणि दुसऱ्यात सोयीसाठी नऊ, असं झालं की खेळ संपला. तारखांचा एक तक्ता करा: नोंदीची तारीख, यंत्राचा आकडा, अकरा दिवसांनंतरचा मोजपट्टीचा आकडा. कथेत येणारी प्रत्येक तारीख त्यात बसवा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि बहुतेक लेखक ते करत नाहीत.

यंत्र माणूस बघून वागता कामा नये. नायिका रजेवर असताना सहकाऱ्याने आकडा वाचला, तर काय दिसतं? त्यालाही अकरा दिवस पुढचंच दिसत असेल तर विज्ञानकथा. फक्त तिलाच भविष्य दिसत असेल, कारण भाऊ तिचा आहे, नदीशी नातं तिचं आहे, तर ती फँटसी. विज्ञान आणि फँटसी यांच्यात चाचपडत असाल तेव्हा मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारेन, कारण तो बहुतेक वेळा एका झटक्यात निकाल देतो. जादू माणसाचं मन, वंश, शपथ, नातं ओळखते. यंत्राला ते ओळखता येत नाही.

आणि तुमच्या तपासणीत आणखी एक धागा सुटलाय. केबल, बॅटरी, सेन्सर सगळं बदलल्यावरही आकडे पुढचेच येतात, तर गंमत यंत्रात नाही, जागेत आहे. म्हणजे ‘नदी बोलतेय’ हे आजीचं म्हणणं त्या क्षणी सगळ्यात मजबूत गृहीतक ठरतं! नायिकेच्या हे लक्षात यायला हवं. तिला दोन साधे प्रयोग करू द्या: याच जागी दुसऱ्या केंद्रावरचं जुनं यंत्र लावून बघणं, आणि हे यंत्र नदीत थोडं वरच्या अंगाला नेऊन बघणं. दोन परिच्छेद पुरतील. विज्ञानकथेचा वाचक या प्रयोगांची वाट बघत असतो आणि ते आले नाहीत तर कथेपेक्षा तोच हुशार ठरतो.

एक गोष्ट मात्र तुम्ही नकळत बरोबर केलीय, ती बदलू नका. नायिका माणसं हलवते, पाणी अडवत किंवा सोडत नाही. त्यामुळे नदीची पातळी तिच्या कृतीने बदलत नाही आणि यंत्राचा आकडा खोटा पडत नाही. तिने एखाद्या धरणाचे दरवाजे उघडायला लावले असते तर कालविरोधाभासाचा नवाच पसारा उभा राहिला असता.

आता बाकीची नावं, जी तुम्हाला सुचवली गेली किंवा सुचवली जातील.

भयकथा हे नाव विषयावरून मिळत नाही, परिणामावरून मिळतं. मेलेला माणूस दिसणं पुरेसं नाही. वाचकाला तो दिसण्याची धास्ती वाटली पाहिजे, आणि ती पानागणिक चढली पाहिजे. तुमचा भाऊ मदत करायला येतो. भयकथा म्हणून ही कथा उघडणारा वाचक पायऱ्यांवरच्या पहिल्या भेटीत सावध होईल, दुसरीत वाट बघेल, आणि शेवटी ‘काहीच झालं नाही’ म्हणून खाली एक तारा देऊन जाईल. भय विज्ञानाबरोबरही नांदतं आणि जादूबरोबरही, म्हणून ते टॅगमध्ये छान बसतं. पण तुमच्या कथेत टॅगपुरतंही ते आहे असं मला वाटत नाही.

जादुई वास्तववाद हे आजकाल सगळ्यात उदारपणे वाटलं जाणारं नाव. अद्भुत आहे पण ड्रॅगन नाही, भाषा जरा हळवी आहे, की लावलं हे लेबल. त्याची खूण अशी की कथेतल्या माणसांना अद्भुताचं नवल वाटत नाही. ते हवामानासारखं तिथे असतं आणि कोणी त्याचा तपास करत नाही. तुमची नायिका चार पानं केबल बदलतेय. विषय संपला.

रहस्यकथा तर मुळीच नको. तो वाचक उत्तराची पावती मागतो: कोणी, कसं, का. तुमच्याकडे ‘का’ नाहीच.

अधिकाऱ्याने ऐकलं नाही म्हणून ‘डिस्टोपिया’ होत नाही. त्यासाठी समाजव्यवस्थाच बिघडलेली आणि कथेच्या केंद्रात असावी लागते. पूर आहे म्हणून ‘क्लायमेट फिक्शन’ही होत नाही, जोवर कथेतला पूर हवामानबदलाशी जोडलेला नाही. ‘कठोर विज्ञानकथा’ हे विशेषण हौसेने जोडू नका. 1957 पासून वापरात असलेलं हे नाव वाचकाला सांगतं की इथलं भौतिकशास्त्र तपासून घ्या, आणि कारण न सांगणाऱ्या कथेवर ते लावणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं. स्टीमपंक (वाफेच्या यंत्रांचं कल्पित जग), स्पेस ऑपेरा (अंतराळातली भव्य साहसकथा) वगैरे तुमच्या वाटेला येत नाहीत.

राहिलं ‘स्पेक्युलेटिव्ह फिक्शन’. पळवाट आहे का? स्पर्धेच्या फॉर्मवर, हो. हा शब्द अमेरिकी विज्ञानकथालेखक रॉबर्ट हाइनलाइन यांनी 1947 च्या एका लेखात वापरला तेव्हा त्याचा अर्थ बराच आवळलेला होता, विज्ञानकथेपुरता. आज ती मोठी छत्री आहे: विज्ञानकथा, फँटसी, अतिनैसर्गिक भय, पर्यायी इतिहास, सगळं तिच्याखाली. छत्रीचं नाव संपादकाला उपयोगी पडतं, जेव्हा त्याने स्वतः तशा कथा मागवलेल्या असतात. वाचक मात्र छत्री शोधत येत नाही. तो ‘विज्ञानकथा’ किंवा ‘फँटसी’ शोधतो. तुमच्या स्पर्धेत हा पर्याय नसल्यामुळे तो लिहायचा म्हणजे ‘इतर’ निवडणं आलं, आणि ‘इतर’मध्ये तुमची कथा ऐतिहासिक प्रेमकथा आणि विनोदी एकांकिकेच्या शेजारी जाऊन पडेल. ॲपवर तो टॅग म्हणून जरूर द्या. मुख्य प्रकार म्हणून नको.

तुमचं सध्याचं चौपदरी नाव बाद. जोडनाव दोन पदांच्या पुढे गेलं की वाचक त्यातलं एकही पद खरं मानत नाही. दोन पदं जोडायचीच असतील तर भार शेवटच्या पदावर पडतो, हे लक्षात ठेवा: ‘विज्ञान-भयकथा’ वाचणाऱ्याला घाबरायचं असतं, विज्ञान हा घाबरण्याचा मार्ग. ‘गूढ विज्ञानकथा’ वाचणाऱ्याला विज्ञानकथा हवी असते, थोडं धुकं असलेली. तुम्हाला हे दुसरं जोडनाव बसतं. ‘कौटुंबिक’ काढून टाका. जवळपास प्रत्येक कथेत कुटुंब असतं.

भाऊ खरा असल्याचं लेबलमुळे फुटेल का, हा प्रश्न रास्त आहे. पहिला रस्ता घेतलात तर तो उरतच नाही. भाऊ खरा की मनाचा खेळ, हे विज्ञानकथेत उघडं ठेवता येतं, कारण शेवट त्याच्यावर टेकलेला नाही. दुसरा रस्ता घेतलात तर फुटू द्या. फँटसीच्या वाचकाला भूत खरं आहे हे कळल्याने चव जात नाही. त्याला पुढचं हवं असतं, भूत काय मागेल, काय देईल, आणि त्याची किंमत काय. लपवायचंय ते परिचयात लपवा, लेबलमध्ये नाही. आणि संपादकापासून किंवा परीक्षकापासून काहीच लपवू नका. सारांश मागितला असेल तर शेवटासकट द्या. अर्धवट सारांश देऊन उत्सुकता वाढवण्याचा प्रकार तिथे उलटा पडतो.

लेबल ठरलं की पहिलं पान त्याला साजेसं करावं लागतं, आणि इथे तुम्हाला सगळ्यात जास्त कात्री चालवावी लागेल. बालपणाची दोन पानं वाचून परीक्षकाला विज्ञानकथेची एकही खूण सापडत नाही. पहिल्या तीनशे शब्दांत चुकीचा आकडा यायला हवा: मोजपट्टी एक सांगते, यंत्राचा पडदा दुसरं. भाऊ पाण्यात गेल्याची आठवण त्याच पानावर दोन वाक्यांत येऊ शकते, ती नोंद लिहिताना. बालपण कापल्याने शब्दही वाचतील, आणि ते तुम्हाला लागणार आहेत. आत्ता 7,000 च्या मर्यादेत जेमतेम 200 शब्द शिल्लक आहेत. दोन प्रयोग, गोल केलेला आकडा आणि रजिस्टर चाळण्याचा प्रसंग मिळून त्याहून बरेच जास्त होतील. तपासणीच्या चार पानांतही बॅटरी आणि केबल एका परिच्छेदात उरकता येतील. तिथे खरा मुद्दा सेन्सरचा आहे.

जाता जाता: लांबीचं लेबल आणि प्रकाराचं लेबल यांची गल्लत करू नका. काही स्पर्धा ‘कथा’ आणि ‘दीर्घकथा’ वेगळ्या घेतात. विज्ञानकथा-फँटसीसाठीच्या ह्युगो पुरस्कारांत 7,500 शब्दांखाली लघुकथा, 17,500 पर्यंत नॉव्हेलेट, 40,000 पर्यंत नॉव्हेला अशी विभागणी आहे. तुमची कथा सगळीकडे कथाच.

दुरुस्ती झाल्यावर पुन्हा वाचायला द्या, पण ‘हा कुठला प्रकार?’ असं विचारू नका. असं विचारलं की माणसं पुन्हा सामान मोजायला लागतात. नव्या तीन वाचकांना फक्त पहिलं पान द्या आणि विचारा, पुढे काय होईल असं वाटतं? दोघं तरी ‘यंत्राचं कोडं उलगडेल’ अशा अर्थाचं बोलले तर लेबल आणि पान एका दिशेला आहेत. ‘बहीण-भावाची आठवण असणार’ असं म्हणाले तर पान बदला, लेबल नको. मग पूर्ण कथा द्या आणि विचारा, कुठे अडलात? तारखांवर अडले तर तक्ता पुन्हा काढा. ‘भावाचं नक्की काय होतं?’ असं उत्सुकतेने विचारलं तर ठीक. वैतागून विचारलं तर भावाचं वजन अजून जास्त आहे.

ॲपवर टाकण्याआधी ‘विज्ञानकथा’ विभागातल्या, भरपूर वाचल्या गेलेल्या पाच कथांचे परिचय आणि टॅग बघून घ्या. तिथले वाचक ‘सायफाय’ लिहून शोधत असतील तर तोही टॅग द्या. शुद्धतेच्या हट्टापायी वाचक गमावू नका. पुढे कधी संग्रह काढलात तर हीच निवड वेगळ्या रूपात समोर येईल. किंडलवर स्वतः प्रकाशित करताना तीन वर्ग आणि कीवर्डसाठी सात चौकटी मिळतात. इंग्रजी पुस्तकव्यवसायातल्या बायसॅक या विषयवार वर्गांच्या यादीत विज्ञानकथेचा सर्वसाधारण कोड एफआयसी028000, फँटसीचा एफआयसी009000 आणि भयकथेचा एफआयसी015000 आहे. संग्रहात सगळ्या कथा एका प्रकारच्या नसतील तर बहुसंख्य कथांचा वर्ग पहिला घ्या. शीर्षककथेचा घेऊ नका.

स्पर्धेच्या रकान्यात ‘विज्ञानकथा’ एवढंच लिहा. सोबतच्या पत्रात एक ओळ पुरे: ‘सोबत विज्ञानकथा, (तुमचा नेमका शब्दसंख्येचा आकडा) शब्द. पाणीपातळी केंद्रावरचं यंत्र अकरा दिवसांनंतरची पातळी दाखवू लागतं आणि नोंदी ठेवणाऱ्या कर्मचारी स्त्रीला त्या आकड्यांवर वस्ती हलवायला अधिकाऱ्यांना राजी करावं लागतं.’ यात भाऊ नाही, आजी नाही. ॲपवर मुख्य प्रकार विज्ञानकथा. टॅग: गूढ, पूर, सायफाय, स्पेक्युलेटिव्ह फिक्शन. आणि केबल 6 तारखेला तोडायचंच तुम्ही ठरवलंत, तर रकान्यात ‘फँटसी’ लिहा, पत्रातल्या ओळीत भावाला आणा, आणि टॅगमधून ‘सायफाय’ काढून टाका.